सिगारेट सुटली, व्हेप लागला, फुफ्फुसांचं काय?

"सिगारेट सोडून आठ महिने झाले. आता फक्त व्हेप ओढतो. तरी सकाळी खोकला येतो आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागते. ही सिगारेटची जुनी थकबाकी की व्हेपचं नवं दुखणं?" छातीच्या डॉक्टरांना हा प्रश्न आता सवयीचा झाला आहे. विचारणाऱ्यांत लंडन-दुबईत नोकरीला असलेले आहेत, तसेच भारतात विक्रीवर बंदी असतानाही कुठून तरी व्हेप मिळवणारे मुंबई-पुण्याचेही आहेत. घरच्यांचा प्रश्न याच्या उलट बाजूने येतो: "सिगारेट काय नि व्हेप काय, एकाच माळेचे मणी. बदलून मिळवलंस काय?"

दोघांनाही उत्तर देण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: तुलना कशाशी करायची? सिगारेटशी केली तर एक उत्तर येतं, स्वच्छ हवेशी केली तर दुसरं. दोन्ही उत्तरं खरी आहेत. विकणारा पहिलंच सांगतो, घाबरवणारा दुसरंच सांगतो आणि ओढणारा मधल्या मधे गोंधळतो. या प्रकरणात आपण दोन्ही तुलना शेवटपर्यंत सोबत ठेवू.

१. जळणं आणि तापणं

सिगारेटचा झुरका घेताना तिचं टोक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. त्या उष्णतेत तंबाखू, कागद आणि त्यात मिसळलेलं सगळं जळतं. या धुरात ७,००० हून अधिक रसायनं सापडली आहेत. त्यांतली सुमारे ७० कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. आणि डांबर असतं, म्हणजे फिल्टरवर पिवळा-तपकिरी डाग पाडणारा तो चिकट ऐवज. फिल्टरमधून निसटतं ते फुफ्फुसात बसतं.

व्हेपमध्ये तंबाखू नसतो आणि काही पेटतही नाही. आत एक छोटी बॅटरी असते, तिला जोडलेली धातूच्या तारेची कॉइल असते आणि कॉइलभोवती लिक्विडने भिजलेला कापूस. झुरका ओढला की कॉइल तापते, साधारणपणे २०० ते २५० अंशांच्या आसपास, आणि लिक्विडचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. तोंडातून निघणारा पांढरा ढग म्हणजे हे थेंब. ज्वलनच नसल्यामुळे डांबर तयार होत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नसतो.

घरात चूल जाऊन गॅस आला की डोळे चुरचुरायचे थांबतात, भिंती काळ्या होत नाहीत. पण मिरचीची फोडणी दिली की ठसका लागायचा तो लागतोच. सिगारेटवरून व्हेपवर जाण्यात नेमकं एवढंच घडतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८ मध्ये तोवरच्या शेकडो अभ्यासांचा आढावा घेतला. सिगारेट पूर्ण बंद करून व्हेपवर गेलेल्या माणसाच्या शरीरात जाणारी अनेक विषारी आणि कर्करोगकारक द्रव्यं कमी होतात, हे तिने निर्विवाद म्हणून नोंदवलं. या वाक्यातला 'पूर्ण' हा शब्द लक्षात ठेवा; पुढे त्याची गरज पडेल.

२. त्या ढगात असतं काय?

लिक्विडमध्ये मुख्य घटक चार: प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि फ्लेवर. यांतले पहिले दोन खाद्यपदार्थांत आणि औषधांतही वापरतात. म्हणून दुकानदार सांगतो, "अहो, हे तर केकमध्येही घालतात." तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो.

जे पोटाला चालतं ते फुफ्फुसाला चालेलच असं नाही. पोटात गेलेल्या पदार्थावर पाचकरस काम करतात, मग यकृत त्याची झडती घेतं. श्वासातून आत गेलेल्या पदार्थाला असा कुठलाच नाका लागत नाही. आंबा, पुदिना, दालचिनी, बटर अशा स्वादांसाठी वापरलेली रसायनं खाण्यासाठी तपासलेली असतात. रोज दोनशे वेळा श्वासात ओढण्यासाठी नाही. दालचिनीचा स्वाद देणारं सिनॅमाल्डिहाइड श्वासनलिकेतल्या पेशींच्या कामात अडथळा आणतं, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

कॉइल जास्त तापली की लिक्विडचंही विघटन होतं आणि फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन यांसारखी दाहक द्रव्यं तयार होतात. टाकीतलं लिक्विड संपत आलं, कापूस कोरडा पडला आणि तरी बटण दाबलं, की घशात जळका, कडू झुरका जातो. व्हेप ओढणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी चाखलेला असतो. तो नुसता बेचव नसतो. ही द्रव्यं वाढल्याची ती खूण असते. याशिवाय काही यंत्रांच्या ढगात निकेल, क्रोमियम आणि शिसं सापडलं आहे. ते तापलेल्या धातूच्या भागांतून येतं.

यांतल्या बहुतेकांचं प्रमाण सिगारेटच्या धुरापेक्षा बरंच कमी असतं. स्वच्छ हवेत मात्र ती नसतातच.

३. खोकला कोणाचा?

नाकातोंडातून घेतलेला श्वास एका मोठ्या नळीतून खाली जातो. ती नळी दुभागते, मग प्रत्येक फाटा पुन्हा दुभागतो, असं साधारण तेवीस वेळा होतं. शेवटी वायुकोश लागतात. कोट्यवधी वायुकोशांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे दोन खोल्यांच्या फ्लॅटएवढा भरतो. वरच्या नळ्यांच्या आतल्या बाजूला चिकट कफाचा पातळ थर आणि त्याखाली सूक्ष्म केस असतात. हवेतली धूळ आणि जंतू कफात अडकतात आणि केस लाटेसारखे हलत तो कफ घशाकडे ढकलतात. आपण तो नकळत गिळतो.

सिगारेटचा धूर हे केस लुळे पाडतो, आखूड करतो आणि कफ वाढवतो. सफाई बंद आणि कचरा जास्त, म्हणून सकाळी तो ठरलेला खोकला आणि बेडका. सिगारेट थांबली की केस पुन्हा कामाला लागतात आणि साचलेला कफ वर येऊ लागतो. त्यामुळे पहिले काही आठवडे खोकला उलट वाढू शकतो. अनेक जण इथेच घाबरतात: "ओढत होतो तेव्हा बरा होतो!" हा खोकला बहुधा सुधारणेचा असतो आणि काही महिन्यांत उतरतो.

व्हेपवर गेलेल्याचं चित्र थोडं मिसळलेलं असतं. धूर थांबल्यामुळे एकीकडे सफाई सुरू होते. दुसरीकडे प्रोपिलीन ग्लायकॉल ओलावा शोषून घेतं, त्यामुळे घसा कोरडा पडतो, खवखवतो. फ्लेवर आणि निकोटिन यांचाही श्वासनलिकांना थोडाफार त्रास होतो. दमा असलेल्यांना तो लवकर जाणवतो. अमेरिकेतल्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. या उंदरांना निकोटिन नसलेल्या लिक्विडचा ढग चार महिने दिला होता. तरीही फुफ्फुसातल्या संरक्षक पेशींत चरबी साचली आणि विषाणूंशी लढण्याची ताकद घटली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे; पण "निकोटिन नसलेला व्हेप म्हणजे नुसती हवा" हा समज सोडून द्यायला एवढं पुरे.

ओळखायचं कसं? बदल केल्यापासून पहिल्या तीन-चार महिन्यांत खोकला हळूहळू कमी होत असेल, तर तो जुन्या धुराचा. सहा-आठ महिन्यांनंतरही तेवढाच असेल, किंवा फ्लेवर बदलला, व्हेप जास्त ओढला की वाढत असेल, तर व्हेपवर संशय घ्यायला जागा आहे. मात्र हा ढोबळ ठोकताळा आहे, निदान नाही.

४. गेलेला दम परत येतो का?

डॉक्टर फुफ्फुसाची ताकद एका साध्या आकड्यात मोजतात: पूर्ण श्वास भरून जोरात फुंकल्यावर पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते. हा आकडा पंचविशी-तिशीनंतर प्रत्येकाचाच दरवर्षी थोडा थोडा घटतो. प्रश्न घटण्याच्या वेगाचा असतो.

अमेरिका आणि कॅनडात श्वासनलिका थोड्या आकुंचलेल्या ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांचा दीर्घ अभ्यास झाला. अकरा वर्षांनी असं दिसलं की ओढत राहिलेल्या पुरुषांची ताकद वर्षाला सरासरी ६६ मिलिलिटर घटली, सोडलेल्यांची ३०. स्त्रियांत हे आकडे ५४ आणि २२ होते.

आता गणित करू. पंचेचाळीस वर्षांच्या एका पुरुषाचा आकडा आज २.८ लिटर आहे. तो ओढत राहिला तर वीस वर्षांत ६६ गुणिले २०, म्हणजे १.३२ लिटर जातील आणि पासष्टीला सुमारे दीड लिटर उरतील. भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढणं तेव्हा अवघड होतं. आज सोडली तर ३० गुणिले २०, म्हणजे ०.६ लिटर जातील आणि २.२ उरतील. यात बहुतेक कामं सुखाने होतात.

यातून दोन गोष्टी कळतात. गेलेलं बहुतांश परत येत नाही, म्हणून आठ महिन्यांनीही जिन्यावर धाप लागली तर तो लगेच व्हेपचा दोष ठरत नाही. पण उतार मंदावतो, आणि खरी कमाई तीच आहे. मात्र या अभ्यासात सोडलेल्यांनी ओढणंच सोडलं होतं. त्यांच्या हाती व्हेप नव्हता. त्यांचे आकडे जसेच्या तसे व्हेपवाल्यांना लावता येत नाहीत.

५. 'पॉपकॉर्न लंग' आणि २०१९ ची साथ

भीती पसरवणाऱ्या संदेशांत ही दोन नावं हमखास असतात, म्हणून दोन्ही नीट पाहू.

अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या जॅस्पर गावी मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा कारखाना होता. तिथल्या आठ माजी कामगारांना फुफ्फुसाचा एक दुर्मीळ आजार झाल्याचं २००० मध्ये उघडकीला आलं. त्यांच्या अगदी बारीक श्वासनलिकांत व्रण होऊन त्या कायमच्या अरुंद झाल्या होत्या. संशय बटरच्या वासासाठी वापरल्या जाणाऱ्या डायअसिटिलवर गेला. पुढे काही व्हेप लिक्विडमध्येही हे रसायन सापडलं आणि भीतीने व्हेप गाठला. सिगारेटच्या धुरात डायअसिटिल व्हेपपेक्षा कितीतरी जास्त असतं, हे त्या संदेशांत नसतं. ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या वैध लिक्विडमध्ये त्यावर बंदी आहे.

२०१९ चं प्रकरण अधिक गंभीर होतं. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत धडधाकट तरुण एकाएकी धाप, खोकला, ताप आणि उलट्या घेऊन रुग्णालयात येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली, ६८ जण दगावले. बहुतेकांनी गांजातला नशेचा घटक असलेली, अनधिकृत मार्गाने आलेली काडतुसं वापरली होती. ५१ रुग्णांच्या फुफ्फुसांतला द्रव तपासला तेव्हा ४८ जणांत व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं. हा तेलकट पदार्थ महागडं द्रव्य वाढवायला मिसळलेला होता. तोच पदार्थ त्वचेच्या क्रीममध्ये चालतो, गोळीतून पोटात चालतो. फुफ्फुसात गेला आणि माणसं व्हेंटिलेटरवर गेली.

या साथीचं खापर साध्या निकोटिन व्हेपवर फोडणं बरोबर नाही. पण बाटलीत काय आहे हे ठाऊक नसताना ती ओढणं किती महाग पडू शकतं, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला नाही.

६. '९५ टक्के सुरक्षित' म्हणजे किती?

२०१५ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचं म्हटलं. हा आकडा जगभर गाजला. तो लाखो लोकांना वर्षानुवर्षं तपासून निघालेला नव्हता. उपलब्ध माहितीवरून तज्ज्ञांनी बांधलेला तो अंदाज होता आणि त्यावर टीकाही झाली. दिशा बरोबर, आकडा कच्चा, असं त्याच्याकडे पाहावं.

पक्का आकडा का नाही? कारण वेळ झालेला नाही. आजच्या पद्धतीचा व्हेप चीनमधले औषधतज्ज्ञ हान ली यांनी २००३ मध्ये तयार केला. ते स्वतः धूम्रपान करणारे होते. फुफ्फुसाचा कर्करोग मात्र पंचवीस-तीस वर्षं घेतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिगारेट घरोघर पोचली, तरी डॉल आणि हिल यांनी तिचा कर्करोगाशी संबंध दाखवणारा प्रसिद्ध अभ्यास ब्रिटनमध्ये छापला तो १९५० मध्ये.

सुरक्षिततेच्या दाव्यांचा इतिहासही विसरू नये. १९५० च्या दशकात अमेरिकेत केंट सिगारेटचा खास फिल्टर आरोग्यरक्षक म्हणून विकला गेला. १९५२ ते १९५६ या काळात त्या फिल्टरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होतं. पुढे 'लाइट' सिगारेटी आल्या. लोक त्या जास्त खोल ओढू लागले आणि फायदा झाला नाही.

७. थोडी सिगारेट, थोडा व्हेप

आता 'पूर्ण' या शब्दाकडे येऊ. बरेच जण ऑफिसात व्हेप आणि संध्याकाळी टपरीवर चहाबरोबर दोन सिगारेटी, अशी तडजोड करतात. वीसच्या दोन झाल्या, म्हणजे धोका दहावा हिस्सा झाला, असा त्यांचा हिशेब असतो.

शरीर हा हिशेब मानत नाही. १४१ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये काढलेला निष्कर्ष असा: दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाच्या हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा हिस्सा नव्हे. कर्करोगाच्या बाबतीतही रोज किती यापेक्षा किती वर्षं हे जास्त मोलाचं ठरतं. दोन्ही चालू ठेवणाऱ्याला धूरही मिळतो आणि ढगही. बदलाचा फायदा शेवटची सिगारेट विझल्यावरच नीट सुरू होतो.

८. लंडनचा सल्ला दादरला चालेल का?

ब्रिटनमध्ये सरकारी डॉक्टर सिगारेट सोडवण्यासाठी व्हेप सुचवतात, हे खरं आहे. पण तिथे लिक्विडमध्ये निकोटिनची कमाल मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे, घटकांची नोंदणी लागते आणि काही रसायनांवर बंदी आहे.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं, म्हणजेच व्हेपचं, उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे इथे हाती पडणारं रंगीत डिस्पोजेबल चोरट्या मार्गाने आलेलं असतं. त्यावर छापलेलं निकोटिनचं प्रमाण खरं आहे का, आत आणखी काय आहे, हे तपासायला कुणीही नाही. ब्रिटनचा सल्ला ब्रिटनच्या बाटलीसाठी आहे.

व्हेपमुळे सिगारेट सुटते का? ब्रिटनमध्ये ८८६ जणांवर झालेल्या चाचणीत वर्षअखेर व्हेप गटातले १८ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, निकोटिन गम-पट्ट्यांच्या गटातले ९.९ टक्के. म्हणजे उपयोग झाला. मात्र व्हेपने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. गम-पट्ट्यांच्या गटात असे ९ टक्केच. एक सवय सुटली, दुसरी घर करून बसली.

९. मग करायचं काय?

पहिलं, फुफ्फुसाची ताकद मोजून घ्या. या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात आणि तंत्रज्ञ सांगतो, "मोठा श्वास घ्या... आता फुंका! फुंका, फुंका, अजून, सोडू नका!" सहा सेकंदांत चेहरा लाल होतो. हे किमान तीनदा. गरज वाटली तर पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. एक्स-रे स्वच्छ आला, बोटाला लावलेल्या यंत्राने रक्तातला ऑक्सिजन ९८ टक्के दाखवला, म्हणून निर्धास्त होऊ नका. सुरुवातीचा दमकोंडीचा आजार दोन्हींतून निसटू शकतो.

दुसरं, स्वतःचा जुना हिशेब मांडा. रोजच्या सिगारेटी भागिले २०, गुणिले वर्षं. रोज दहा, वीस वर्षं, तर उत्तर १०. आपल्याकडे दहाचं पाकीटही मिळतं, म्हणून पाकिटं न मोजता सिगारेटी मोजा. हा आकडा २० किंवा जास्त आणि वय पन्नाशीपुढे असेल, तर कमी किरणांच्या सीटी स्कॅनची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

तिसरं, काही लक्षणं थांबू देत नाहीत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आपल्या देशात क्षयाची तपासणी आधी करायची. कफात रक्त, बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, विनाकारण वजन घटणं, व्हेप ओढू लागल्यावर ताप आणि दम, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. "सिगारेट ओढता का?" याला "सोडली" एवढंच उत्तर देऊन थांबू नका, व्हेप ओढतो, किती आणि कुठला, हेही सांगा.

चौथं, व्हेपही सोडायची तारीख ठरवा. निकोटिनचं प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरवा. निकोटिन गम, पट्ट्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं भारतात वैध आहेत आणि तपासलेली आहेत. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. पण व्हेप सोडण्याच्या धडपडीत सिगारेटकडे परत वळणार असाल, तर आधी थांबा; तो सौदा सगळ्यात तोट्याचा आहे.

ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा: आयुष्यभर ओढणाऱ्यांची सुमारे दहा वर्षं जातात. साठीत सोडली तर त्यांतली तीन वाचतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ, तिशीत जवळजवळ सगळी. सिगारेट सोडलीत, हे उत्तम केलंत, घरचे काहीही म्हणोत. आता व्हेपही सोडा. फुफ्फुसाला स्वच्छ हवेखेरीज दुसरं काही लागत नाही.